काळ्या डाळीतलं लोणी

दाल मखनी ही पंजाबी घरांची शतकानुशतकांची ठेव, असं सगळेच गृहीत धरतात. ते निम्मंच खरं आहे. अख्खा उडीद जुनाच. ‘माष’ म्हणून तो वैदिक वाङ्मयातही येतो. पंजाबी घरात तो रात्रभर भिजायचा, मग गोवऱ्यांच्या धगीवर तासन्‌तास रटरटायचा. दाणा फुटून त्याचा बुळबुळीत चिकटपणा पाण्यात उतरला की डाळ आपोआप दाट होते. टोमॅटो मात्र अमेरिका खंडातला. युरोपीयांमार्फत तो इथे आला आणि रोजच्या फोडणीत फार उशिरा रुळला. म्हणजे टोमॅटो, लोणी, साय हे त्रिकूट पुरातन असणं शक्य नाही. ते जोडलं जातं पेशावरहून आलेल्या निर्वासितांनी 1947 साली दिल्लीच्या दर्यागंजात थाटलेल्या मोती महल या हॉटेलशी. ही डाळ पहिली कुणी केली, या श्रेयाचं भांडण तर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पोचलं. (डाळीसाठी वकील!)

कुणी म्हणेल, पंजाबात दूधदुभतं मुबलक, लोणी घरच्या डाळीतही पडत असणारच. पडत असेलही. पण वाढताना वरून गोळा सोडणं वेगळं आणि टोमॅटोच्या रश्शात लोणी-साय आटवणं वेगळं. पहिली घरची चैन, दुसरी हॉटेलची कृती. उडदाला दाटपणासाठी सायीची गरज नसते, हे सातारा-सांगलीकडचं घुटं आजही दाखवतं: शिजलेली डाळ रवीनं घोटायची, लसूण-हिरव्या मिरचीची फोडणी द्यायची आणि भाकरी कुस्करून ओरपायची.