स्वच्छता गृहीतक

स्वच्छता गृहीतक हे बालपणी येणारा सूक्ष्मजीवांशी संपर्क आणि दमा, परागज्वर यांसारखे ॲलर्जीजन्य विकार यांचा संबंध मांडणारे वैद्यकीय गृहीतक आहे. बालवयात विविध सूक्ष्मजीवांशी पुरेसा संबंध न आल्यास रोगप्रतिकारसंस्था परागकण, धूळ अशा निरुपद्रवी घटकांनाही तीव्र प्रतिसाद देऊ लागते, असे त्याचे सूत्र आहे.

उगम

ब्रिटिश साथरोगशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये ही कल्पना मांडली. मार्च १९५८ मधील एका आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांच्या माहितीत, मोठी भावंडे जितकी अधिक तितके परागज्वराचे प्रमाण कमी असल्याचे त्यांना आढळले. भावंडांकडून होणाऱ्या संसर्गामुळे संरक्षण मिळत असावे, असा त्यांचा तर्क होता.

गोठ्याचा परिसर

अमेरिकेतील आमिश व हटराइट हे आनुवंशिकदृष्ट्या जवळचे शेतकरी समाज आहेत. आमिश मुले घराजवळच्या गोठ्यात वावरतात. हटराइट समाजाची शेती मोठी, सामायिक व यांत्रिक असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार शाळकरी मुलांतील दम्याचे प्रमाण आमिश समाजात ५.२ टक्के, तर हटराइट समाजात २१.३ टक्के होते. आमिश घरांतील धुळीत जिवाणूजन्य घटक कित्येक पटींनी अधिक आढळले.

मर्यादा

‘स्वच्छता’ हा शब्द दिशाभूल करणारा असल्याची टीका होते. ग्रॅहम रूक यांनी २००३ मध्ये मांडलेल्या ‘जुने मित्र’ या सिद्धांतानुसार माती, जनावरे व आतडे यांतील, मानवाच्या दीर्घ सहवासातले सूक्ष्मजीव उपकारक ठरतात. बालपणीचे साथीचे रोग नव्हेत. उलट, श्वसनमार्गाच्या काही विषाणुसंसर्गांमुळे ज्या बालकांच्या छातीत घरघर होते, त्यांच्यात पुढे दमा अधिक आढळतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात

ग्रामीण महाराष्ट्रात गोठ्याच्या सान्निध्याबरोबरच चुलीचा धूर, कुपोषण व श्वसनसंसर्ग हेही बालकांच्या वाट्याला येतात. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने पालकांचे प्रबोधन आणि गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून न्यूमोनियाचे उपचार हा प्रयोग केला. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांत १७.५, तर प्रयोगाच्या गावांत ८.१ होते. रोगजंतूंचा संसर्ग बालकांसाठी किती घातक ठरतो, हे यावरून दिसते. त्यामुळे हात धुणे, शुद्ध पाणी, लसीकरण व वेळेवर उपचार यांना हे गृहीतक पर्याय ठरत नाही.