काचेच्या टाकीखालची न दिसणारी टाकी

१/ घरच्या फिश टँकखाली, कपाटात दडलेली दुसरी टाकी म्हणजे सम्प. तो किती लिटरचा असावा, हा प्रश्न विजेच्या पंपांबरोबर आला असे वाटते. प्रत्यक्षात तो व्हिक्टोरियन काळातला आहे आणि तेव्हाही माशांचे जगणे-मरणे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते. (धागा)

२/ १८४६ मध्ये अ‍ॅना थिन यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे ताजे पाणी रोज मिळणे अशक्य होते. म्हणून त्यांची मोलकरीण तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही. जुनेच पाणी हवेने ताजे करण्याचा हा प्रयत्न होता.

३/ १८५० मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोल्डफिश, गोगलगायी आणि पाणवनस्पती यांचा समतोल साधून दाखवला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाऊस’ उघडले, तर १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ प्रसिद्ध झाले. दिवाणखान्यांत टाक्या आल्या. मात्र थोड्या, साचलेल्या पाण्यात जीव फार ठेवले की पाणी नासे आणि टाकी मरे.

४/ लंडनमध्ये अशा टाक्या आणि सागरी जीव विकणाऱ्या विल्यम आल्फर्ड लॉइड यांचा व्यवसाय १८६०च्या दशकाच्या आरंभी बुडाला. पुढे तेच सार्वजनिक मत्स्यालयांचे अग्रगण्य रचनाकार ठरले. हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालय (१८६४) त्यांच्या देखरेखीखाली उभे राहिले.

५/ त्यांची रचना आपल्या इमारतींतील पाण्याच्या व्यवस्थेची आठवण करून देते: जमिनीखाली मोठी टाकी, पंप आणि वरची टाकी. फरक इतकाच की लॉइड यांच्या मत्स्यालयात पाणी वाया जात नसे. काचेच्या टाक्यांतून ओसंडलेले पाणी उताराने पुन्हा खालच्या टाकीत येई आणि फेरा अखंड चाले.

६/ खालची टाकी अंधारी असे, त्यामुळे शेवाळ माजत नसे. ती जमिनीखाली असल्याने तापमान स्थिर राही. आणि ती प्रचंड असे, म्हणून घाण विरळ होई. वर १०० लिटर आणि खाली ४०० लिटर पाणी फिरत असेल, तर वरच्या एखाद्या मृत माशाची घाण एकपंचमांश तीव्रतेवर येते.

७/ समुद्रापासून दूर असलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली लॉइड यांनी हीच पद्धत वाफेच्या पंपांवर चालवली. तेथील साठा प्रदर्शनातल्या पाण्याच्या कित्येक पट होता. आंतोन डोर्न यांच्या नेपल्स येथील मत्स्यालयासाठीही (१८७४) त्यांचा सल्ला घेतला गेला.

८/ अडचण पैशाची होती. प्रेक्षक तिकीट काढत ते काचेमागच्या माशांसाठी. तळघरातल्या पाण्यावर एक पेनीही मिळत नसे. त्यामुळे न दिसणाऱ्या साठ्यावर खर्च का करायचा, हे लॉइड यांना लिहून-सांगून पटवावे लागे.

९/ एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नव्हती. नायट्रीकरण हे सूक्ष्मजीवांचे काम आहे, हे श्लोझिंग आणि म्यून्त्स यांनी १८७७ मध्ये दाखवले. पुढे १८९०च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी ते जीवाणू वेगळे केले. विषारी अमोनियाचे नायट्राइट व मग बरेच सौम्य नायट्रेट तेच करतात. त्यांना हवे असतात चिकटून राहण्यासाठी पृष्ठभाग आणि भरपूर प्राणवायू.

१०/ या ज्ञानामुळे खालची टाकी लहान होऊ शकली. १९८६ मध्ये डच लेखक जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी अमेरिकेतील हौशी मंडळींत ठिबक-गाळणी लोकप्रिय केली. जीवाणूंना भरपूर जागा देणारी ही गाळणी टाकीखाली बसे. लॉइड यांचे तळघर अशा रीतीने कपाटात मावले.

११/ आता हिशेब. १०० × ४० × ५० सेंमीची टाकी म्हणजे २०० लिटर. तिच्याखाली ६० × ३० × ४० सेंमीचा, म्हणजे ७२ लिटरचा सम्प घ्या. त्यात २५ सेंमी पाणी ठेवले तर ते ४५ लिटर होते. घाणीची तीव्रता यामुळे जेमतेम १८ टक्के घटते. बाकी भार गाळणीवर असतो.

१२/ मग उरलेले १५ सेंमी रिकामे का? वीज गेली की पंप थांबतो आणि वरचे पाणी खाली उतरते. पातळी फक्त ३ सेंमी उतरली तरी १२ लिटर येतात. नळ्यांतले पाणी वेगळे. रिकामी जागा २७ लिटरची आहे, म्हणून लादी कोरडी राहते. भारनियमनाची सवय असलेल्या महाराष्ट्रात हा हिशेब आधी करावा.

१३/ म्हणून क्रम असा: प्रथम परतणाऱ्या पाण्याची जागा, मग गाळणीची, मग पंपाची. त्यानंतर कपाटात मावेल तितका मोठा सम्प घ्यावा; जास्त पाणी सावकाश बिघडते, हे लॉइड यांचे म्हणणे आजही खरे आहे. टाकी सुरू केल्यावर पंप एकदा मुद्दाम बंद करावा, पाणी कुठवर चढते ते पाहावे आणि चालू पंपाच्या सुरक्षित पातळीची खूण काचेवर करून ठेवावी.