हैदराबादची पिवळी फुले

दसऱ्याला दारावर झेंडूचे तोरण हवेच. आपण गोव्यात या फुलांना रोजां म्हणतो. पोर्तुगीज भाषेत रोझा म्हणजे गुलाब. त्या नावाची सावली इथे पडलेली दिसते. फूल मात्र पोर्तुगालचेही नव्हे. ते मूळचे मेक्सिकोचे. तिथले लोक आजही मृतांच्या सणाला पूर्वजांची वेदी याच फुलांनी सजवतात. स्पॅनिशांनी १५२१ मध्ये तो मुलूख जिंकला आणि त्यानंतर झेंडू समुद्र ओलांडून जगभर गेला. म्हणजे १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने हैदराबाद वसवले, तेव्हा झेंडू आपल्या देशात असलाच तर नवखा पाहुणा होता.

आज त्याच हैदराबादेत बतुकम्मा झेंडूवाचून होत नाही. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बायका ताटात फुलांचे थर रचून गोपुरासारखा उंच ढीग करतात, वर हळदीची गौरी बसवतात, भोवती फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर गातात आणि शेवटी तळ्यात विसर्जन करतात. देशावरचा भोंडला याच दिवसांतला, फेरही तसाच.

या ढिगात मान तंगेडूचा. मराठीत याला तरवड म्हणतात. कोरड्या माळावर, बांधावर कुणी न लावता वाढणारे हे झुडूप पाऊस सरता सरता पिवळेधमक होते. त्याच्या सालीने पूर्वी कातडी कमावत. त्याच्या शेजारी कुरडूची फुले, शेवंती आणि आपला झेंडू.

२०१४ मध्ये तेलंगण वेगळे राज्य झाले. आंदोलनाच्या काळात बतुकम्मा ही तेलंगणी अस्मितेची खूण बनली होती. नव्या सरकारने तिला राज्योत्सव केले, तंगेडूला राज्यफूल आणि शमीला राज्यवृक्ष. माळावरच्या झुडपाला असा मान मिळाला, याचा मला आनंद वाटतो. पण शहर पसरते तसा माळ घरांखाली जातो. झेंडू शेतात पिकवता येतो, बाजारात विकत मिळतो. तंगेडूला मोकळी पडीक जमीनच लागते. ती गेली तर राज्यफूल सरकारी कागदावरच उरेल.

आपले कोण आणि परके कोण, हा वाद आपण गोवेकरांनी पुष्कळ ऐकला आहे. बतुकम्मा रचणाऱ्या बाईने तो केव्हाच मिटवला. मेक्सिकोचे फूल तिने माळावरच्या फुलाला खेटून लावले आणि दोन्ही गौरीला वाहिली. परका झेंडू तिने आपला केला; आता घरचा तंगेडू टिकवायला हवा.