पाच मे : सण नक्की कुणाचा?

अमेरिकेत ५ मे आला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिलं, 'हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन.' हे सरळ चूक. तो १६ सप्टेंबरला, १८१० च्या उठावाची आठवण म्हणून. दुसरं जास्त फसवं: 'मेक्सिकोत याचं एवढं कौतुक नाही, म्हणजे हा सण बिअर कंपन्यांनी काढलेला.' मीही आधी हेच धरून चालले होते.

घटना एवढीच, की ५ मे १८६२ रोजी प्वेब्ला शहरापाशी जनरल इग्नासिओ सारागोसाच्या सैन्याने तिसऱ्या नेपोलियनची फौज मागे रेटली. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी ते शहर घेतलंही. पण बातमी कॅलिफोर्नियात पोचली तेव्हा काय झालं ते बघा. १८४८ च्या तहाने हा प्रदेश अमेरिकेकडे गेलेला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, आणि नेपोलियनचा कल गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडे. तिथल्या मेक्सिकन लोकांना प्वेब्लाची लढाई आणि लिंकनची लढाई एकच वाटली. त्यांनी गावोगावी समित्या काढल्या, वर्गणी जमवली, दिवस साजरा केला. डेव्हिड हेस-बाउतिस्ता यांनी त्या काळातली स्पॅनिश वर्तमानपत्रं चाळून हे दाखवलं. त्यांत वर्गणीदारांच्या याद्याच छापून यायच्या! (संशोधकाला आणखी काय हवं?) म्हणजे सण अमेरिकेतलाच, पण बिअरच्या जाहिरातींहून शंभरेक वर्षं जुना.

१९६० नंतर चिकानो विद्यार्थ्यांनी तो पुन्हा हाती घेतला. 'चिकानो' हा तोवर हिणवायचा शब्द. त्यांनी तो अभिमानाने लावला. १९६९ च्या डेन्व्हर परिषदेत त्यांनी अमेरिकेच्या नैऋत्य भागाला 'आस्त्लान', म्हणजे ॲझ्टेकांची दंतकथेतली मूळभूमी म्हटलं. आम्ही उपरे नाही, इथलेच आहोत, हा त्यामागचा दावा. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा भोगलेल्या पिढीसाठी तो लहान नव्हता.

तरी इथे मी अडखळते. प्वेब्लात मूळनिवासी खरोखरच लढले होते. प्वेब्ला राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगरांतले नाहुआ शेतकरी तिथल्या सहाव्या पलटणीत होते. त्यांना सरसकट 'साकापोआश्त्ला' म्हणतात, एका गावाच्या नावावरून. पण पलटणीत तेतेला आणि सोचिआपुल्कोचीही माणसं होती. चिकानो भित्तिचित्रांत पिसांचा मुकुट घातलेला ॲझ्टेक योद्धा मला लगेच दिसतो. तेतेलाचा शेतकरी मी अजून शोधते आहे.