नाव दोरीची, नाव पुलाचं

एसटीत चढणाऱ्या माणसालाही मराठीत उतारूच म्हणतात. या शब्दाचं मूळ रस्त्यावर नाही, पाण्यावर आहे. ‘तृ’ म्हणजे पार जाणं. या संस्कृत धातूपासून तरणं, तारू, उतार हे शब्द आले. तीर्थ म्हणजेसुद्धा मुळात नदी ओलांडायची जागा. कोकणात होडीने पलीकडे नेण्याच्या सोयीला ‘तर’ म्हणतात, तो शब्दही याच घराण्यातला.

आपण या वाहतुकीचं बारसं पार जाण्याच्या क्रियेवरून केलं. युरोपात मात्र दोरीला बांधून चालवायच्या नावेला लोकांनी चक्क पुलाचं नाव दिलं. डच भाषेत ती ‘पाँट’. हा शब्द लॅटिनमधल्या ‘पोन्तो’चा, आणि पोन्तो निघाला ‘पोन्स’ म्हणजे पूल यातून. जर्मन तिला ‘उडता पूल’ म्हणाले, इंग्रज ‘तरंगता पूल’. होडीला पूल का म्हणावं, हे तिची बांधणी पाहिली की कळतं.

तिचा सर्वांत साधा अवतार म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला दोर आणि तो हाताने ओढत पुढे सरकणारा तराफा. दक्षिण आफ्रिकेत ब्रीड नदीवर मालगास इथे असा हाताने ओढायचा पाँट आजच्या काळापर्यंत टिकला आहे. माणसं खांद्याला पट्टा अडकवतात, त्याची साखळी तारेला लावतात आणि पुढे झुकून फळ्यांवरून चालत राहतात. ती चालतात एका दिशेला, त्यांच्या पायांखालचा पाँट मोटारींसकट सरकतो दुसऱ्या दिशेला.

नदीला जोर असेल तर ओढायचीही गरज नाही, हे फार पूर्वी कोणाच्या तरी ध्यानात आलं. तो पहिला माणूस इतिहासाला ठाऊक नाही. लिओनार्डो दा विंची उत्तर इटलीत व्हाप्रिओ इथे मेल्झी कुटुंबाकडे मुक्कामाला होता, तेव्हा, १५१३च्या आसपास, त्याने अड्डा नदीवरच्या दोराच्या नावेचं चित्र काढलं. तिथून जवळच इम्बेर्सागोची मोटारी नेणारी नाव लोक आजही ‘लिओनार्डोची नाव’ म्हणून ओळखतात. शोध त्याचा नव्हे. त्याने डोळ्यांना दिसलं ते कागदावर उतरवलं.

अड्डा चिंचोळी नदी, तिथे आडवा दोर चालून गेला. रुंद नदीवर मात्र दोन अडचणी होत्या. भांगेच्या तंतूंचा लांब दोर भिजला की स्वतःच्याच वजनाने लोंबतो, आणि आडवा टाकला की येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांची वाट अडवतो. नेदरलँड्समधल्या नाइमेखन शहरापुढून वाहणारी वाल ही अशीच रुंद आणि गजबजलेली नदी. तिथे १६५७ साली हेन्ड्रिक ह्योक याने दोर आडवा बांधायचं सोडून उभा सोडला. नदीच्या मध्यावर, वरच्या अंगाला बऱ्याच अंतरावर नांगर टाकला आणि तिथून निघालेला लांब दोर पाण्यात बुडू नये म्हणून खाली ओळीने लहान होड्या ठेवल्या. दोराच्या शेवटी ‘पाँट’.

यातली खुबी पतंग उडवलेल्या कोणालाही लगेच उमजेल. पतंगाला कन्नी बांधताना वरचा दोरा किती ठेवायचा आणि खालचा किती, यावर पतंग वाऱ्याला कसा सामोरा जाणार ते ठरतं. पाँटलाही अशीच कन्नी असते. दोरापासून एक फाटा नावेच्या पुढच्या टोकाला जातो, एक मागच्या. दोन्ही सारखे असतील तर नाव मुकाट्याने धारेत लोंबकळत राहते. एक आखडून दुसरा सैल सोडला, की ती धारेला तिरकी होते. पाणी कुशीवर रेटतं, दोर खाली वाहून जाऊ देत नाही. मग तिला बाजूला सरकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. घड्याळाच्या लंबकासारखी ती या काठावरून त्या काठाला जाते. परतताना फाट्यांची अदलाबदल केली की झालं. नाव एका काठाला टेकली असताना दुसऱ्या बाजूचं पात्र गलबतांना मोकळं राहतं.

अशा ‘उडत्या पुला’साठी बहुधा दोन होड्या शेजारी ठेवून त्यांवर फळ्यांचा सपाट तळ ठोकत. गाडीवानाने बैल किंवा घोडे सोडायची, माल उतरवायची गरज नसे. रस्ता जिथे संपे तिथे फळ्या सुरू होत. त्याच्या दृष्टीने ही होडी नव्हतीच. रस्त्याचाच एक तुकडा सुटून नदीत ये-जा करत होता. पुलाचं नाव पडलं ते यामुळे. नाइमेखनकरांनी मात्र आपल्या पाँटला त्याहून घरगुती नाव दिलं: ‘झेल्डनरुस्त’, म्हणजे ‘क्वचितच विसावा’.

पुढचं वळण आलं ते नदीवर नाही, खाणीत. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या खाणींचा अधिकारी विल्हेल्म आल्बेर्ट याने १८३४मध्ये लोखंडी तारा पिळून दोर तयार केला. हलका, मजबूत, भिजून जड न होणारा असा दोर मिळाल्यावर तो नदीच्या डोक्यावरून, उंचावरून आडवा नेता येऊ लागला. खालून गलबतं जाऊ द्यायची, वरून तार. १८५४मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये ऱ्हाइनवर अशी नाव सुरू झाली. तेव्हा शहरात नदीवर एकच पूल होता. ही नाव काढली ती शहरातल्या चित्रकार-कलाप्रेमींच्या मंडळाने. त्यांना कलादालन बांधायला पैसे हवे होते. उतारूंच्या पैशांचा त्यात मोठा हातभार लागला आणि १८७२मध्ये कुन्स्टहाले उभं राहिलं.

बाझलमध्ये अजूनही अशा चार नावा चालतात. त्या फक्त माणसांच्या, मोटारींच्या नव्हेत. नाव लाकडी, वर छप्पर, कडेने बाकं. निघताना नावाडी एक दांडा या कुशीवरून त्या कुशीवर टाकतो आणि सुकाणू वळवतो. क्षणभर काहीच होत नाही. मग डोक्यावरच्या तारेवर कप्पी घरंगळू लागते आणि काठ मागे सरकतो. इंजिन नाही, वल्हं नाही. ऐकू येतं ते फळ्यांखालचं पाणी.

पण ही युक्ती चालते ती नदी एकाच दिशेला वाहते म्हणून. खाडीच्या मुखाशी पाणी भरतीला आत येतं, ओहोटीला बाहेर जातं, आणि मधल्या घटकाभरात थांबूनच राहतं. तिथे नदीवर विसंबून कसं चालेल? इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला जेम्स मेडोज रेन्डेल या इंजिनिअरने १८३१मध्ये डार्टमथला आणि १८३४मध्ये टॉरपॉइंटला याचं उत्तर दिलं. खाडीच्या तळाशी दोन साखळ्या टाकायच्या, त्या नावेवरच्या दातेरी चाकांवरून घ्यायच्या आणि चाकं वाफेच्या इंजिनाने फिरवायची. साखळी जागची हलत नाही. नावच ती पुढून उचलत, मागे सोडत चालत जाते. उचललेली साखळी लगेच पुन्हा तळाशी बसते, त्यामुळे जहाजांना आडकाठी होत नाही. हे पाहून दोर ओढत पलीकडे जाणारी माणसंच आठवतात. फरक इतकाच की हात लोखंडाचे झाले.

नावापुरता पूल असलेल्या या नावांचा शेवट बहुतेक ठिकाणी खऱ्या पुलाने केला. जर्मनीतल्या कोलोनचा उडता पूल १८२२मध्ये बोटींच्या पुलाने घालवला. ‘क्वचितच विसावा’ला १९३६मध्ये कायमचा विसावा मिळाला, वालवर मोठा पूल झाला. साउदॅम्प्टनचा तरंगता पूल १९७७मध्ये इचेन पुलापुढे थांबला.

टॉरपॉइंटची गोष्ट निराळी आहे. तिथून थोडं वर, टेमर नदीवर १९६१मध्ये पूल झाला आणि सॉल्टॅशची जुनी साखळीची फेरी त्याच वर्षी बंद पडली. टॉरपॉइंटची मात्र चालू राहिली. आज तिथे प्लिम, टेमर आणि लिनर या नद्यांच्या नावांच्या तीन नावा आहेत, प्रत्येकीवर ७३ मोटारी मावतात, आणि त्या रात्रंदिवस चालतात. पूल आणि फेरी एकाच समितीकडे आहेत. टोल दोन्हीकडे तिथल्या कॉर्नवॉल परगण्यातून बाहेर पडतानाच भरावा लागतो, आणि फेरीच्या खर्चाची तोंडमिळवणी व्हायला पुलावरून जाणाऱ्यांचा पैसा कामी येतो. शतकानुशतकं पुलाचं नाव लावून फिरलेल्या नावेला इथे एक खरा पूल पोसतो आहे.