पानापासून गोळीपर्यंत

जीवनसत्त्वांचा विषय निघाला की शक्तिवर्धक औषधांच्या महागड्या बाटल्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु माताबालकांच्या सर्वाधिक उपयोगी पडणारी एक गोळी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते आणि विनामूल्य मिळते म्हणूनच की काय, ती पुष्कळदा घरच्या फडताळात पडून राहते. ही गोळी लोह व फोलिक आम्लाची. वडनेरसारख्या गावातील वाचकांना हे सांगितले पाहिजे की, तिच्या पूर्वेतिहासाचे एक पान याच वर्धा जिल्ह्यात लिहिले गेले आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे कार्य चाले व त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा या ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाकडे होती. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ आणि हिरवा पाला यांचा पुरस्कार संघाने केला. १९३५ साली गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रातून पालेभाज्यांच्या पोषणमूल्यावर लिहिले. पानात गुण आहे हे त्यांना जाणवले होते. पण त्यातील एका महत्त्वाच्या द्रव्याला तेव्हा नावही मिळालेले नव्हते.

त्याच द्रव्याचा माग मुंबईत लागला होता. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. गिरणी कामगारांच्या वस्तीतील गरोदर स्त्रिया तीव्र पांडुरोगाने दगावत होत्या. त्यांच्या आहाराचा विल्सबाईंनी अभ्यास केला आणि यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यास रक्त सुधारते, असे १९३१ साली प्रसिद्ध केले. पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून त्याचे नाव फोलिक आम्ल पडले. १९४५ साली ते प्रयोगशाळेत तयार झाले, तेव्हा त्या संशोधनाचे नेतृत्व येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीयाकडे होते.

भारत सरकारने १९७० साली गरोदर मातांना लोह व फोलिक आम्ल देण्याची योजना सुरू केली. आमच्या अंबाडीत, मेथीत, तरोट्याच्या भाजीत हे सारे असताना गोळी कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. भाजी फार वेळ शिजवून पाणी ओतून दिले की फोलिक आम्ल बरेचसे निघून जाते. वनस्पतीतील लोह अंगी थोडेच लागते. आणि गरोदरपणी दोहोंची गरज वाढते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय होता. याचा अर्थ, निम्म्याहून अधिक आयाबहिणी अपुऱ्या रक्तावर घराचा व शेताचा भार वाहतात.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. बाळाचा मेंदू व पाठीचा कणा ज्या नलिकेतून घडतो, ती गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मिटते. पुष्कळ स्त्रियांना तोवर दिवस गेल्याचे कळतही नाही. पूर्वी असा दोष असलेले मूल झालेल्या मातांना आधीपासून फोलिक आम्ल दिल्यास त्या दोषाची पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी टळते, असे १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने सप्रमाण दाखविले. म्हणून विवाहाच्या तयारीच्या वर्गात ही गोष्ट वधूवरांना आवर्जून सांगितली जावी, असे आम्हांस वाटते.

गरोदरपणी ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्लाची गोळी, दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यावयाची असते. गोळीबरोबर चहा नको; लिंबू पिळलेले जेवण बरे. शौचास काळे होते, क्वचित मळमळते. तेवढ्याने भिऊन गोळी सोडू नये. मात्र विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांना फोलिक आम्ल हवेच असते, पण लोह रक्ततपासणी करून वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावे.

मगनवाडीचे पान आणि आरोग्य केंद्राची गोळी यांत वैर नाही. पान ताटात असावे आणि गोळी वेळेवर पोटात जावी. सासूबाईंनी सुनेला रोज एवढी आठवण करून दिली, तरी या इतिहासाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.