गजब, कमाल, शाब्बास

‘गजबच झाला बाप्पा!’ आपल्या बुलढाण्याकडचं हे वाक्य. यातला बाप्पा घरचा, गजब अरबी. तिथे त्याचा अर्थ कोप. कोपाचं आश्चर्य उर्दूनेच करून ठेवलं होतं. वऱ्हाडीने ते उचललं आणि उच्चारातले नुक्ते तेवढे गाळले. ‘कमाल’ म्हणजे पूर्णत्व, पण आपण ‘कमाल आहे तुझी’ म्हणतो ते बहुधा कुणी मूर्खपणा केल्यावर! ‘तोबा’ म्हणजे पश्चात्ताप. आणि वर्गात मी रोज देतो ती ‘शाब्बास’ म्हणजे फारसी ‘शाद बाश’, आनंदी राहा. म्हणजे एक दुआच.

वऱ्हाडात १४९० पासून इमादशाही, पुढे मोगल, १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम. अर्ज, जिल्हा, तहसील हे शब्द कचेरीतून आले. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात सुमारे १४०० शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. पण तो कोश कारभाराचा होता. दचकल्यावर माणूस काय बोलतो, हा त्याचा विषयच नव्हता.

माझ्या मते उद्गार कचेरीतून येत नाहीत, शेजारातून येतात. म्हणून ‘मुसलमान असून मराठी छान बोलता’ असं कुणी कौतुकाने म्हटलं की मला गंमत वाटते. आमच्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका अख्खी गोष्ट उर्दूत सांगतात, आणि मध्येच भांडं पडलं तर तोंडातून निघतं, ‘माय वं!’